डेटाशीटवर ताकद लिहितात, पण ती कुठल्या तापमानाची?

फिलामेंटवाला_नागपूर

राजेहो, थ्रीडी प्रिंटिंगचा छोटासा धंदा आहे माझा. दर उन्हाळ्यात एखादं तरी गिऱ्हाईक येतंच जे आधी गूगल करून आलेलं असतं. म्हणतं, पीएलए आणि एबीएस ही प्रिंटरची दोन प्लास्टिकं, त्यात पीएलएची टेन्साइल स्ट्रेंग्थ (ओढून तोडायला लागणारी ताकद) ५०-६० मेगापास्कल, एबीएसची ४०च्या आसपास, मग गाडीतल्या मोबाइल होल्डरसाठी तुम्ही मला महागडं एबीएस का चिकटवता भाऊ?

आकडे खरे आहेत. फक्त ते २३ डिग्रीला मोजलेले आहेत, आणि नागपुरात मे महिन्यात २३ हा आकडा एसीच्या रिमोटवरच दिसतो. उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७०च्या वर सहज जातो. पीएलएचं ग्लास ट्रान्झिशन टेंपरेचर, आपण टीजी म्हणू, ६०च्या आसपास. एबीएसचं १०५. विषय संपला.

हे वितळणं नव्हे हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. पीएलए वितळतं १७०च्या मागेपुढे. पण त्याच्या आधीच ६०ला, ज्या लांब साखळ्या जागच्या जागी गोठून बसल्या होत्या त्या वळवळायला मोकळ्या होतात, आणि पाचदहा डिग्रीच्या अंतरात कडकपणा शेकडो पटीने पडतो. वस्तू पातळ होत नाही, थेंब पडत नाही, नुसती मान टाकते.

तर माझं म्हणणं असं की कुठल्याही मटेरियलची ओळख करून घ्यायची तर आधी हे तापमान विचारायचं, ताकद-बिकद नंतर. आता इथे सगळ्या धंद्यांतले लोक आहेत, तुमच्या कामात असं एखादं तापमान आहे का, ज्याच्या अलीकडे मटेरियल एक आणि पलीकडे दुसरंच? सांगा, धागा वाढू द्या.

रबरीबाबा

+१, पण एक खडा टाकतो. आयुष्य रबरात गेलं म्हणून.

टीजी म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ नाही हो. तेच सँपल डीएससी मशिनीत (किती उष्णता शोषली ते मोजणाऱ्या) दर मिनिटाला १० डिग्रीने तापवलं तर एक आकडा येतो, डीएमए नावाच्या मशिनीवर हलवत हलवत मोजलं तर त्याच्यापेक्षा पाचदहा डिग्री जास्त येतो, आणि जितक्या जोरात हलवाल तितका तो वर सरकतो. कारण इथे खरा प्रश्न असा असतो की साखळीला हलायला जेवढा वेळ लागतो तेवढा तुम्ही तिला देताय का. वर पुन्हा पाणी. सुक्या नायलॉनचा टीजी ५०-६०, तेच नायलॉन पाणी पिऊन बसलं की शून्याच्या खाली जातो. म्हणून नायलॉनचे गिअर कोरडे असताना खटकन तुटतात आणि दमट झाले की चिवट होतात. पीव्हीसी घ्या, पाइप कडक आणि रेनकोट मऊ, पॉलिमर तेच, फक्त रेनकोटात प्लास्टिसायझर ओतून टीजी खोलीच्या तापमानाखाली नेलेला. थोडक्यात हे तापमान निसर्गाने दिलंय ते मुकाट्याने घ्या असं नसतं, आम्ही ते ठरवतो.

आणि चॅलेंजर, अमेरिकेचं फुटलेलं अवकाशयान. रबराचा विषय निघाला की ते येणारच. २८ जानेवारी १९८६, फ्लोरिडा, उड्डाणाच्या वेळी हवा २ डिग्री सेल्सियस. त्याआधीचं सगळ्यात थंडीतलं उड्डाण १२ डिग्रीचं. सगळीकडे सांगतात की बूस्टर रॉकेटच्या जोडातली रबरी ओ-रिंग थंडीने काचेसारखी झाली. नाही झाली! ते व्हायटन जातीचं रबर, त्याचा टीजी उणे १५-२०च्या घरात, म्हणजे त्या सकाळी ते रीतसर रबरच होतं. मग फसलं कुठे? तर वेगात. बूस्टर पेटल्यावर जोडाची फट सेकंदाच्या काही भागात उघडते आणि रिंगने तेवढ्याच चपळाईने फुगून ती बुजवायची असते. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आधीच टेस्ट केली होती, रिंग दाबायची आणि मग पट्टी थोडी मागे घ्यायची. ३८ डिग्रीला रिंगने पट्टीचा पिच्छा सोडला नाही. २४ डिग्रीला २.४ सेकंद मागे राहिली. १० डिग्रीला १० मिनिटं झाली तरी परत टेकली नाही, शेवटी टेस्टच थांबवली. आणि उड्डाण २ला. आदल्या रात्री त्यांच्यातलाच रॉजर बॉइसजॉली आणि त्याचे सहकारी उडवू नका म्हणून जीव तोडून सांगत होते, वरच्यांनी ऐकलं नाही, सात माणसं गेली. नंतर चौकशीत फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा शिकंजात धरून बर्फाच्या पाण्यात घातला ते टीव्हीवर जगाने बघितलं.

म्हणून सांगतो, टीजीच्या वर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या ३०-४० डिग्री आधीपासून रबर आळशी होत जातं, आणि तुमचं काम चपळाईचं असेल तर तुमची हद्द तिथेच संपली.

खमंग_ताई

बाबा, भारी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी स्वयंपाकघरातलं सांगते. चिक्की! लोणावळ्याहून आणलेली चिक्की पावसाळ्यात डब्यात राहिली की चिकट होते, तुटायची बंद होते, दाताला ओढते. हे तेच ना? पाक पक्का झाला की थंड होऊन काच होते ती, साखरेची.

रबरीबाबा

शंभर टक्के तेच ताई. कोरड्या साखरेचा टीजी ६०-७०च्या दरम्यान, म्हणून खोलीत ती काच. हवेतलं पाणी शोषलं की टीजी घसरतो, थोड्याशा पाण्याने पण भरपूर घसरतो, आणि तो खोलीच्या तापमानाखाली आला की तुमची काच संपली, गोंद सुरू. गुळाची चिक्की साखरेच्या चिक्कीआधी चिकटते कारण गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं आणि त्यांचे टीजी मुळातच खाली, ग्लुकोजचा ३०च्या आसपास आणि फ्रुक्टोजचा तर ५-१०. फ्रीजमध्ये हवाबंद ठेवा.

चहाबाज

छान चाललंय पण रॉकेट आणि लॅब सोडून आमच्यासारख्या सामान्य माणसाच्या घरात याचं काय आहे ते सांगा की कुणीतरी. (चिक्की सोडून, ती संपली.)

फ्यूजउडवे

चहाबाजराव, तुमच्या घरात किमान दोनतीन तरी आहेत, पैज लावतो.

डास पळवायचं लिक्विडवालं मशीन उघडा, आत थर्मोस्टॅट सापडणार नाही. एक पांढरट-करडी गोळी असते, तिला पीटीसी म्हणतात. ती बेरियम टायटनेटची, त्यात चिमूटभर दुसरं काहीतरी मिसळून वीज वाहती केलेली. या पदार्थाचं क्यूरी तापमान, म्हणजे जिथे आतली विजेची किंवा चुंबकाची शिस्त मोडते ते, १२०च्या आसपास. त्याखाली गोळीतून करंट आरामात जातो आणि गोळी तापते, त्या तापमानाला पोचली की तिच्या आतली विजेची रचनाच बदलते आणि रेझिस्टन्स हजारो पटीने उडी मारतो, करंट आटतो, थंड व्हायला लागली की पुन्हा सुरू. रात्रभर हेच. बिघडायला हलणारा पार्टच नाही. तापमान कमीजास्त हवं असेल तर कारखान्यातच ठरवतात, थोडं शिसं घातलं की क्यूरी वर सरकतं, स्ट्रॉन्शियम घातलं की खाली.

फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या बगलेत पण पुष्कळदा हीच गोळी असते, मेकॅनिक पीटीसी रिले म्हणतात ती. स्टार्टिंग वाइंडिंगला क्षणभर करंट देते आणि तापून स्वतःच बाजूला होते. लाइट जाऊन लगेच आली की फ्रीज हुं हुं करून गप्प बसतो त्याचं एक कारण हे, गोळी अजून गरम असते. दोनचार मिनिटं थांबा, आपोआप चालू होईल, लगेच मेकॅनिकला फोन नको.

आणि साधा राइस कुकर, खटका पडणारा. पाणी आहे तोवर भांड्याचं बूड १००च्या वर जाऊ शकत नाही. पाणी भातात मुरलं की तापमान चढतं, आणि बुडाला टेकलेला जो फेराइटचा चुंबक-तुकडा असतो तो असा मिसळलेला असतो की १००च्या थोडं वर त्याचं चुंबकत्वच जातं, स्प्रिंग जिंकते, खट्. भात झाला हे कुकरला तांदळावरून कळत नाही, ते त्या फेराइटच्या क्यूरी तापमानावरून कळतं.

चहाबाज

आयला. तीस वर्षं भात खातोय आणि हे आज कळलं.

दातपाडे

नाव बघून घाबरू नका, आम्ही दात काढत नाही, ओळीत लावतो.

आमच्याकडे सगळा खेळ निकेल-टायटॅनियमच्या तारेचा. थर्मल तार म्हणतो आम्ही. चेअरवर थंड स्प्रे मारला की ती शिशाच्या तारेसारखी लुळी पडते, वाकड्या दातांमधून हवी तशी ओवून बांधता येते, आणि तोंडात ३५-३६ डिग्रीला आली की तिला आपला मूळ कमानीचा आकार आठवतो आणि ती हळूहळू दात ओढायला लागते. थंडीतली रचना मार्टेन्साइट, गरमीतली ऑस्टेनाइट, दोन्ही घनच, फक्त अणूंची मांडणी तिरकी होते नि सरळ होते. पेशंटला सांगतो की फार ठणकलं तर गार पाणी तोंडात धरा, तार सैल पडते. गरम चहा घेतला की आवळते. हे ऐकून लोकांना वाटतं डॉक्टर थापा मारतायत.

पण यातली खरी अवघड गोष्ट कुठली माहितीये का, ती म्हणजे मिश्रण. ५०-५०च्या आसपास निकेल आणि टायटॅनियम, आणि निकेलचे अणू ०.१ टक्क्याने इकडचे तिकडे झाले की बदलाचं तापमान साधारण १० डिग्रीने सरकतं. दहा डिग्री म्हणजे आमच्यासाठी कामाची तार आणि भंगार यांच्यातला फरक. तांबं घातलेल्या तारा मिळतात त्यांच्यावर २७, ३५, ४० असे आकडे असतात, ते हेच तापमान. ४०ची तार फक्त गरम खाल्ल्यावर काम करते, अगदी हळुवार हवं असेल तिथे वापरायची. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाताखाली १९६०च्या आसपास आला. ते शोधत होते क्षेपणास्त्राच्या नाकाडासाठी काहीतरी, मिळालं हे.

आणि बाबांच्या रेघेच्या मुद्द्याला माझ्याकडूनही दुजोरा. इथे तर एक नाही चार तापमानं असतात. तापवताना बदल एका ठिकाणी सुरू होतो, दुसऱ्या ठिकाणी संपतो, थंड करताना भलत्याच दोन ठिकाणी. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी. आपोआप उघडणारे स्टेंट करतात ते याच्यावरच, शेवटचं तापमान शरीराच्या थोडं खाली ठेवायचं, म्हणजे रक्तवाहिनीत सोडला की तो पूर्णपणे गरम रचनेत असतो आणि कितीही दाबला तरी उसळून परत येतो.

शंकासुर_पुणे

डॉक्टर, मग ती झिरकोनियाची कॅप? मला बसवलीय. त्याचं पण काही तापमान आहे का, नंतर कळायला नको.

दातपाडे

आहे, पण ते कसं कैदेत ठेवलंय ते मजेशीर आहे. शुद्ध झिरकोनिया भट्टीतून काढून थंड करताना ११७० डिग्रीच्या खाली रचना बदलतो आणि ४-५ टक्के फुगतो. फुगला की तडे, संपला. म्हणून त्यात ३ टक्के यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) घालतात, आणि गरमीतली रचना तुमच्या तोंडाच्या तापमानालाही तशीच अडकून राहते. पण मनातून तिला बदलायचंच असतं. मग जेव्हा केव्हा एखादी चीर पडायला लागते तेव्हा चिरेच्या टोकाशी ताण येतो, तेवढ्याच जागेतले कण बदलून फुगतात आणि चिरेला दोन्हीकडून दाबून धरतात. चिनीमातीच्या जातीची वस्तू इतकी चिवट कशी याचं उत्तर हे. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दाखवलं ते.

याची दुसरी बाजू पण आहे, ओलावा आणि शेदोनशे डिग्री एकत्र आले की पृष्ठभागावरचे कण न विचारता बदलायला लागतात. झिरकोनियाच्या खुब्याच्या गोळ्यांचा तसा अनुभव येऊन गेलाय, २००१च्या सुमारास काही बॅचचे इतके तुटले की परत मागवावे लागले. तुमची कॅप ठीक आहे, निवांत अक्रोड फोडा. (फोडू नका.)

चाकणकर

मोटर डिझाइनमध्ये आहे. फिलामेंटवाल्या भाऊंच्या 'आधी तापमान विचारा' ह्याच्यावर थोडं भांडायचंय.

निओडिमियम मॅग्नेटचं क्यूरी तापमान ३१०-३२० डिग्री. नवीन पोरगं येतं, हा आकडा वाचतं आणि म्हणतं सर स्कूटरची मोटर १५०च्या वर जात नाही, दुप्पट मार्जिन आहे. आणि साधा एन३५ ग्रेडचा मॅग्नेट तर ८० डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं! कारण क्यूरीला चुंबकत्व शून्य होतं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून चुंबकाची आपली दिशा टिकवायची जिद्द, कोअर्सिव्हिटी म्हणतो आम्ही, डिग्रीमागे अर्धा-पाऊण टक्क्याने खचत असते. मोटरमध्ये तर कॉइल उलट्या बाजूने ढकलतच असते. त्यात चढावर डबलसीट, वरून ऊन, सिग्नलला थांबून थांबून चालवणं, एकदा का ती जिद्द ढकलण्यापेक्षा कमी पडली की मॅग्नेटचा तो कोपरा उलटतो, आणि मग मोटर थंड करून काही उपयोग नाही, ते नुकसान कायमचं. गाडी चालते पण पिकअप गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे डिस्प्रोशियम नाहीतर टर्बियम. थोडं घातलं की जिद्द वाढते, एसएच ग्रेड १५०पर्यंत, यूएच १८०पर्यंत असं चढत जातं. फुकट नाही मिळत, डिस्प्रोशियमचं चुंबकत्व लोखंडाच्या उलटं उभं राहतं त्यामुळे एकूण जोर थोडा कमी होतो. म्हणून हल्ली ते सगळीकडे न मिसळता कणांच्या कडेकडेने मुरवतात. आता लक्षात येईल एप्रिल २०२५मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंवर निर्यात परवान्याची अट घातली तेव्हा आमच्या पट्ट्यात एवढी धावाधाव का झाली. त्या सातात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते, निओडिमियम नव्हतं! बाहेरच्या लोकांना वाटलं की मुख्य माल तर चालू आहे. पण गरम होणाऱ्या मोटरचा मॅग्नेट त्या चिमूटभर मालाशिवाय बनत नाही.

अवांतर: काळा फेराइट मॅग्नेट, स्पीकरमधला, अगदी उलटा वागतो. त्याची जिद्द गरमीत वाढते आणि थंडीत कमी होते. त्यामुळे फेराइटची मोटर डिझाइन करताना आम्ही लडाखची काळजी करतो आणि निओची करताना विदर्भाची.

फिलामेंटवाला_नागपूर

चाकणकर भाऊ, मान्य. विदर्भाची काळजी केल्याबद्दल आभारी आहो 🙏

म्हणजे तुम्ही आणि बाबा दोघंही एकच सांगताय की बदलाचं तापमान म्हणजे कड्याचं टोक, पण घसरण बरीच अलीकडे सुरू होते. मग प्रत्येक कामासाठी अलीकडे किती थांबायचं हे कोण सांगणार? डेटाशीट तर सांगत नाही.

रत्नागिरीकर

आमच्याकडे ते हातोडा सांगतो. चार्पी टेस्ट.

कोकणात अंजनवेलला, गुहागरजवळ, दाभोळचं एलएनजी टर्मिनल आहे ते माहीत असेल. एलएनजी म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू, उणे १६२ डिग्री. साधं स्टील तिथे नेलं तर हातोड्याच्या एका टोल्यात फुटेल, वाकणार नाही, सरळ फुटेल. लोखंडाची जी रचना असते तिच्यात अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला उष्णतेची मदत लागते, थंडीत ती मिळत नाही, मग घसरण्याऐवजी तुटणं सोपं पडतं. ॲल्युमिनियम, तांबं, ३०४ स्टेनलेस यांची रचना वेगळी, त्यांना हा रोगच नाही. पण अख्खी टाकी स्टेनलेसची करायची म्हणजे खर्च बघा. म्हणून अशा मोठ्या टाक्यांच्या आतल्या भिंतीला ९ टक्के निकेलचं स्टील वापरतात, निकेलने ते बदलाचं तापमान एवढं खाली ढकललं जातं की काम भागतं. त्याची टेस्ट उणे १६२ला नाही करत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून उणे १९६ला करतात. खाच पाडलेला तुकडा, लोलकाचा हातोडा, किती ज्यूल गिळले ते बघायचं. भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे, वापराच्या तापमानाच्या पलीकडे जाऊन मारून बघायचं. वेल्डिंग आणखी वेगळी डोकेदुखी, रॉड निकेल बेसचा लागतो आणि चुंबकत्व राहिलेलं असलं की आर्क भरकटतो, पण तो विषय इथे नको.

हे शहाणपण जगाला महागात मिळालंय. १६ जानेवारी १९४३, अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शेनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज बांधलेलं होतं, नुकतंच चाचण्या देऊन आलेलं. वादळ नाही, लाटा नाहीत, रात्रीची थंडी तेवढी. मोठा आवाज झाला आणि मधोमध दुभंगलं, अगदी डेकपासून खाली तळापर्यंत. युद्धात घाईघाईने वेल्ड करून बांधलेल्या लिबर्टी जहाजांनाही तसेच तडे जात होते. पहिल्यांदा सगळ्यांनी वेल्डरना शिव्या घातल्या (आमच्या नशिबी कायम तेच). केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं की मुख्य दोष स्टीलचा आहे, समुद्राच्या साध्या थंडीतच ते ठिसूळ बाजूला जात होतं. वेल्डिंगने एवढंच केलं की तड्याला रस्ता मोकळा दिला, पूर्वी रिव्हेटच्या जहाजात तडा एका प्लेटच्या कडेला येऊन थांबायचा.

अणुशक्तीनगर_रिटायर्ड

रत्नागिरीकर यांच्या माहितीत भर. हे तापमान आयुष्यभर जागेवर राहत नाही. अणुभट्टीच्या प्रेशर व्हेसलच्या स्टीलवर वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा होतो आणि बदलाचं तापमान हळूहळू वर चढत जातं, स्टीलमध्ये तांबं जास्त असेल तर जास्तच वेगाने. म्हणजे बसवताना जे स्टील थंडीतही चिवट होतं ते काही दशकांनी कोमट पाण्यातही ठिसूळ ठरू शकतं. म्हणून व्हेसलच्या आत त्याच स्टीलचे नमुने टांगून ठेवतात, ठरावीक वर्षांनी काढून वर सांगितलेला हातोडा मारतात. आणि भट्टी चालू-बंद करताना कुठल्या तापमानाला किती दाब चालेल याचा तक्ता त्यावरून बदलत जातात. तिथे आधी तापवायचं, मग दाब वाढवायचा, हा क्रम चुकवायची कुणालाही परवानगी नसते.

चहाबाज

आता तो सुपरकंडक्टर राहिला, विजेला अजिबात अडवत नाही तो. मधे व्हॉट्सॲपवर धुमाकूळ होता की कोरियात खोलीच्या तापमानाला सापडला म्हणून. त्याचं काय झालं?

शून्यरोध

वाटच बघत होतो कोणी विचारतंय का.

एलके-९९, जुलै २०२३. आणि त्याचा शेवट ह्या धाग्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. दावा असा होता की १०४ डिग्री सेल्सियसच्या आसपास रेझिस्टन्स एकदम कोसळतो. कोसळत होता, खोटं नव्हतं. पण त्या नमुन्यात कचरा म्हणून कॉपर सल्फाइड राहिलेलं होतं, आणि कॉपर सल्फाइडची रचना नेमकी १०४च्या जवळ बदलते, त्यात रेझिस्टन्स पडतो. म्हणजे बदलाचं तापमान खरं होतं, फक्त ते भलत्याच पदार्थाचं होतं! काही आठवड्यांत शुद्ध स्फटिक करून बघितले तर ते चक्क इन्सुलेटर निघाले.

माझा जुना राग सांगतो. बातम्यांत फक्त टीसी असतो, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ सुपरकंडक्टर होतो ते तापमान. किती केल्विन, नवा विक्रम. १९११मध्ये पारा ४.२ केल्विन (म्हणजे उणे २६९ डिग्री सेल्सियस), १९८७मध्ये वायबीसीओ नावाचं सिरॅमिक ९३ केल्विन म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७च्या वर, जल्लोष झाला होता आणि तो रास्तच होता. पण आज तुम्ही एमआरआयच्या बोगद्यात झोपता तेव्हा भोवती काय असतं? बहुतेक ठिकाणी नायोबियम-टायटॅनियम, टीसी फक्त ९.२ केल्विन, द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं. का? कारण ते धातू आहे, किलोमीटरभर तार ओढता येते, गुंडाळता येते. वायबीसीओ पडलं सिरॅमिक, वाकवलं की कटकन तुटणार, कणांच्या सांध्यावर करंट अडणार, पट्टीवर पातळ थर देऊन देऊन ते वापरण्यालायक करायला लोकांची दशकं गेली. शिवाय चाकणकरांचीच कथा इथे पण, टीसी गाठायच्या आधीच चुंबकीय क्षेत्र आणि करंट मिळून सुपरकंडक्टिव्हिटी मोडतात. म्हणून जिनिव्हाच्या एलएचसीत, म्हणजे कण आदळवणाऱ्या त्या मोठ्या मशिनीत, तीच नायोबियम-टायटॅनियमची तार १.९ केल्विनला चालवतात, ९.२च्या कितीतरी खाली, जास्त क्षेत्र पेलावं म्हणून.

आणि दबावाखालचे हायड्राइड, २५० केल्विनपर्यंत पोचलेत खरे, पण वातावरणाच्या दहा-वीस लाख पट दाबाखाली. हिऱ्याच्या दोन टोकांत, धुळीच्या कणाएवढे. त्याची तार काय काढणार.

मुंबईचं पण सांगून ठेवतो नाहीतर कोणी सांगणार नाही. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) लोकांनी १९९४मध्ये बोरोकार्बाइड हे सुपरकंडक्टरांचं एक नवं कुटुंबच उजेडात आणलं, आणि २०१७मध्ये तिथेच दाखवलं की बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला सुपरकंडक्टर होतो. हो, मिलि. विक्रमाच्या उलट्या टोकाला. उपयोग शून्य म्हणाल, पण बिस्मथमध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात की नेहमीच्या थिअरीप्रमाणे ते शक्यच नव्हतं, त्यामुळे मला तरी तो आकडा एलके-९९च्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोठा वाटतो.

शंकासुर_पुणे

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. म्हणजे सारांश काय काढायचा मग, टीसी, टीजी, क्यूरी सगळे आकडे बिनकामाचे?

शून्यरोध

अहो बिनकामाचे कसे. आकडा नसेल तर सुरुवातच नाही. पण टीसी १०० असलेली वीट आणि टीसी ९ असलेली तार यांत मशीन बनवणारा तार उचलतो, एवढंच म्हणतोय.

खमंग_ताई

सगळे एवढ्या मोठ्या गोष्टी करताय, माझा छोटा प्रश्न. फिलामेंटवाले दादा, उकडीच्या मोदकाचा साचा प्रिंट करून मिळेल का? एकवीस कळ्यांचा हवाय, बाजारात अकराचेच मिळतात.

फिलामेंटवाला_नागपूर

ताई, मिळेल, पण पीएलएचा नको. उकड तुम्ही हाताला सोसेल तेवढी गरम घेता, म्हणजे साचा ६०च्या जवळ राहणार, कळ्या दोनचार वेळेला बसतील मग पसरतील. आणि थरांच्या फटीत पीठ अडकतं, नीट धुता येत नाही, खाण्याच्या वस्तूला मी प्रिंट द्यायचं टाळतोच. साचा विकतच घ्यायचा तर पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, तळाला पीपी किंवा ५ आकडा असतो.

चाकणकर

थांबा थांबा, पीपीचा टीजी शून्याच्या आसपास ना? मग तुमच्या नियमाने तो घरात कायम लोळलेला पाहिजे.

रबरीबाबा

हा हा, पकडलंत. पीपी अर्धं स्फटिक असतं. टीजीच्या वर त्याचा अस्ताव्यस्त भाग मोकळा होतो, पण मधले स्फटिक १६०च्या आसपास वितळेपर्यंत आकार धरून ठेवतात. दोन्ही तापमानांच्या मधल्या टप्प्यात आपण ते वापरतो, म्हणून ते चिवटही आहे आणि उकळत्या पाण्यात टिकतंही. पीएलएला पण स्फटिक व्हायला वेळ दिला, म्हणजे १००च्या आसपास भाजून घेतलं, तर ते बरंच जास्त सोसतं, फक्त आकार थोडा आक्रसतो. आणि पीपी टीजीच्या खाली नेलं की काय होतं ते ताईंनी बघितलं असणार, डीप फ्रीजमधून काढलेला डबा ओट्यावर आपटला की कोपरा उडतो.

खमंग_ताई

मागच्याच आठवड्यात उडाला! मटाराचा डबा. मला वाटलं डबा जुना झाला.

बरं मग मी सागवानी साचा करून घेते सुताराकडून, त्याला काही टीजी असेल तर सांगू नका.

रबरीबाबा

लाकडातल्या लिग्निनला, म्हणजे धागे चिकटवून धरणाऱ्या पदार्थाला, असतो ताई. ओल्या लाकडात तो १००च्या खाली येतो, वाफेवर लाकूड वाकवतात ते त्याच्या जोरावर. साचा वाफेत ठेवू नका म्हणजे झालं.